पहिले राष्ट्रीय मंत्रिमंडळ आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक



तेंदूपानांचा हंगाम चालू आहे. आपल्यापैकी पुष्कळांना उद्या पहाटेच जंगलाची वाट धरावयाची आहे, आणि आणलेली पाने मोजून सत्तर-सत्तरांचे पुडके बांधता बांधता दुपार टळणार आहे. चोरखमाऱ्याच्या तलावाची पाळ ओलांडून नागझिऱ्याकडे जाणारी ही माणसे रात्री व्याख्यानाला येऊन बसतात, हीच मोठी गोष्ट आहे. तेव्हा मी वेळेचे भान ठेवूनच बोलेन.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण सातवीला थांबले. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि मजुरीच्या खटल्यांच्या कागदांवरून. गेली तीस वर्षे मी बिडी कामगारांत काम करीत आहे. माझी माय बिड्या वळीत असे. हजार बिड्यांच्या दराने मजुरी ठरे, आणि सट्टेदार त्यांतल्या किती बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढील त्याचा नेम नसे. छाटीची मजुरी मिळत नसे. बिड्या मात्र त्याच्याकडेच राहत. मी लहानपणी एकदा विचारले, "माय, ह्याला कायदा नाही का?" ती म्हणाली, "असंल बाबा दिल्लीला." दिल्लीतला कायदा कोणी केला, कोणाशी मिळून केला, आणि तो करणारी माणसे पुढे कोठे गेली, याचा शोध मी त्या दिवसापासून घेत आलो आहे. आजचा विषय त्या शोधातूनच निघाला.

संयुक्त सरकार म्हटले की आपल्याला १९७७ आठवते, नाहीतर १९८९ नंतरची वर्षे आठवतात. वास्तविक स्वतंत्र भारताचे पहिलेच मंत्रिमंडळ अनेक पक्षांच्या व पक्षाबाहेरच्या माणसांचे होते, आणि त्याच्या आधीचे हंगामी सरकारही तसेच होते. या मंत्रिमंडळाच्या कथेचे शेवटचे पान आपल्याच भंडारा जिल्ह्यात लिहिले गेले. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. तोपर्यंत आपण सारे भंडाऱ्याचेच होतो.

हंगामी सरकार २ सप्टेंबर १९४६ रोजी स्थापन झाले. पंडित नेहरू, सरदार पटेल, राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी असे काँग्रेसचे थोर पुढारी त्यात होते. जॉन मथाई, बलदेवसिंग, भाभा असे काँग्रेसबाहेरचेही होते. मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे आले. त्यांचे वय त्या वेळी अवघे ३८ होते. मुस्लिम लीग प्रथम बाहेर राहिली आणि २६ ऑक्टोबरला आत आली. तिच्यासाठी तिघांना जागा सोडाव्या लागल्या. त्यांत शरच्चंद्र बोस होते. लीगचे पाच मंत्री आले. त्यांत बंगालचे दलित पुढारी जोगेंद्रनाथ मंडल होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या सरकारात खातेवाटपावरूनच तेढ पडली. गृहखाते सोडावयास पटेल तयार नव्हते. शेवटी अर्थखाते लीगच्या लियाकत अली खान यांच्याकडे गेले. परिणाम असा झाला की कोणत्याही खात्याला पैसा हवा असला की लीगच्या दारातून जावे लागे. एकाच सरकारात दोन घरे झाली. लीगचे मंत्री नेहरूंना आपला प्रमुख मानीत नसत. त्यांचा विचारविनिमय वेगळा चाले.

२८ फेब्रुवारी १९४७ रोजी लियाकत अलींनी अंदाजपत्रक मांडले. एक लाख रुपयांवरील व्यापारी नफ्यावर शेकडा २५ कर आणि मिठावरचा कर रद्द, अशी त्यातील योजना होती. गरिबांचे अंदाजपत्रक म्हणून ते गाजले. मीठ ज्याच्या चुलीशी रोज लागते त्याला ते गोडच वाटले असणार. परंतु काँग्रेसच्या गोटात शंका निघाली की, हा घाव काँग्रेसला पैसा पुरविणाऱ्या कारखानदारांवर मुद्दाम घातलेला आहे. शंका खरी असो वा खोटी, त्यातला धडा मोलाचा आहे. सोबत्यांचा परस्परांवर विश्वास नसला म्हणजे चांगले कलमसुद्धा भांडणाचे हत्यार होते, आणि ज्यांच्यासाठी ते कलम लिहिले त्यांचे नाव मागेच राहते.

तरी ह्या दुभंगलेल्या सरकारच्या काळातही एक काम झाले. औद्योगिक विवाद कायदा १ एप्रिल १९४७ पासून अमलात आला. तडजोड अधिकारी, न्यायाधिकरण आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत मालक-कामगारांची संयुक्त समिती, ही यंत्रणा त्या कायद्याने उभी केली. पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ आम्ही युनियनवाले ज्या दारात उभे राहिलो, ते दार त्या भांडखोर घराने बांधलेले होते.

आता १५ ऑगस्ट १९४७ कडे येऊ. फाळणी झाली, लीग निघून गेली. घटना समितीत काँग्रेसचे बहुमत इतके मोठे होते की तिला कोणाचाही टेकू घेण्याची गरज नव्हती. तरीही चौदा जणांच्या पहिल्या मंत्रिमंडळात सहा जण काँग्रेसबाहेरचे घेतले गेले. कायदा खात्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे. उद्योग व पुरवठा खात्यावर श्यामाप्रसाद मुखर्जी आले. ते हिंदू महासभेचे. अर्थखाते षण्मुखम् चेट्टी यांना मिळाले. ते जस्टिस पक्षाच्या परंपरेतले. संरक्षण खात्यावर शिखांचे प्रतिनिधी बलदेवसिंग होते, रेल्वे जॉन मथाईंकडे व व्यापार भाभांकडे होता. काँग्रेसच्या आठांत आपले काकासाहेब गाडगीळ होते. स्वातंत्र्य एका पक्षाला मिळालेले नाही, सबंध देशाला मिळालेले आहे, या विचाराने हे घडले. आणि तो आग्रह महात्माजींचा होता असे सांगितले जाते.

बाबासाहेबांची गोष्ट तर विशेष आहे. १९४६ साली ते घटना समितीत निवडून आले ते मुंबईतून नव्हे; बंगालमधून, मंडलांच्या प्रयत्नाने आले. फाळणीने ती जागा गेली. तेव्हा राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना लिहिले, आणि जयकरांनी रिकामी केलेल्या जागेवर मुंबईने त्यांना निवडून पाठविले. ज्या काँग्रेसशी ते वीस वर्षे झगडले, त्याच काँग्रेसच्या मतांनी! दोन्ही बाजूंनी मागचा हिशेब काही काळ बाजूला ठेवला. संयुक्त सरकारची स्थापना म्हणजे हेच. मागचे देणे-घेणे पुसले जात नाही. वही तेवढी मिटून ठेवली जाते.

या मंत्रिमंडळाने कामगारांसाठी काय केले ते पाहू. फाळणीच्या वणव्यात, निर्वासितांच्या लोंढ्यात आणि महागाईच्या तडाख्यात १९४८ साली तीन मोठे कायदे झाले: किमान वेतन कायदा, कारखाने कायदा आणि कामगार राज्य विमा कायदा. पैकी पहिल्याची जन्मकथा आपल्या विषयाचे सार आहे. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. पुढे ते पायउतार झाले, हंगामी सरकार आले व गेले, देश दुभंगला. त्या सगळ्यातून ते विधेयक तगले. जगजीवनरामांच्या खात्याने ते पुढे नेले, आणि १५ मार्च १९४८ रोजी त्याचा कायदा झाला. एकाने नांगरले, दुसऱ्याने पेरले. दोघे दोन पक्षांचे, आणि दलितांचा प्रतिनिधी कोण या प्रश्नावर एकमेकांचे प्रतिस्पर्धी!

या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. ज्या धंद्यांतला कामगार विखुरलेला आणि दुबळा, त्या धंद्यांची ती यादी. तीत तंबाखूच्या धंद्याबरोबर बिडीचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. दर ठरविणाऱ्या समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, आणि पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार व्हावा, असेही त्यात होते. मायच्या बोलण्यातला "दिल्लीला असलेला कायदा" तो हा.

परंतु कायदा झाला म्हणून तो घरी पोचला असे नव्हे. बिडी घरी बसून वळली जाते, मध्ये सट्टेदार असतो, आणि मालक म्हणतो, ही माणसे माझी नव्हेत. नागपूरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यात येऊन वळणाऱ्यांना कामगार म्हटले. घरी वळणाऱ्या बाईपर्यंत पोचण्यासाठी वेगळा बिडी-सिगार कामगार कायदा करावा लागला, तो १९६६ साली. त्या वर्षी मजूरमंत्री कोण होते? पुन्हा जगजीवनरामच.

आता मंत्रिमंडळातील बदलांकडे वळू. १९४८ साली भाभा गेले. त्याच वर्षी चेट्टी गेले; प्राप्तिकर चौकशीच्या यादीतून काही नावे गाळल्याचे प्रकरण त्यांना भोवले. एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत करार झाला. पूर्व बंगालमधील हिंदूंना त्याने संरक्षण मिळणार नाही असे म्हणून मुखर्जींनी राजीनामा दिला. भाभांच्या जागी व्यापारमंत्री झालेले नियोगीही त्यांच्याबरोबर गेले. मथाई रेल्वेवरून अर्थखात्यावर आले होते. नियोजन मंडळामुळे मंत्रिमंडळाचा अधिकार कमी होतो असे त्यांचे मत झाले, आणि तेही १९५० मध्येच बाहेर पडले. त्यांच्या जागी आपले चिंतामणराव देशमुख आले.

सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले, हे कारण सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचे निवेदन मुळातून वाचावे असे मी माझ्या तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो. आर्थिक खात्यांचा अनुभव असूनही आपल्याला नियोजनाचे काम दिले नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतले नाही, अशी तक्रार त्यात आहे. अस्पृश्यांच्या उपेक्षेची व्यथा आहे. परराष्ट्र धोरणावरचा मतभेद आहे. हे निवेदन सभागृहात वाचण्याचा प्रसंग आला तेव्हा त्याची प्रत आधी मागण्यात आली, म्हणून ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले.

सहांपैकी पाच गेले. एकटे बलदेवसिंग १९५२ पर्यंत राहिले. तरी सरकार पडले नाही! पडणार कसे? बहुमत एकट्या काँग्रेसचे होते. येथेच मला या मंत्रिमंडळाचे मर्म दिसते. आकड्यांची गरज नसताना सोबती घेतले, हे मोठ्या मनाचे लक्षण होय. परंतु आकड्यांची गरज नसल्यामुळे त्यांचा रुसवाही कोणाला परवडेनासा झाला नाही. सोबत्यांना जागा मिळाली, पण कारभारात वाटा मिळाला नाही. ज्याच्या हाती फक्त जागा असते, त्याच्यापाशी शेवटी राजीनामा हे एकच हत्यार उरते.

मुखर्जींनी ऑक्टोबर १९५१ मध्ये जनसंघ काढला. आंबेडकर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून उभे राहिले. त्यांच्या फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती, आणि जोडीचे उमेदवार होते अशोक मेहता. दोघेही पडले. राखीव जागेवर काँग्रेसचे काजरोळकर आले. त्या काळी अशा मतदारसंघात दोन जागा असत व प्रत्येक मतदाराला दोन मते असत. मतदारांना आपली मते मुद्दाम वाया घालविण्यास सांगितले गेले असा आरोप करून आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. आरोप ज्यांच्यावर होता त्यांत कामगारांचे पुढारी कॉ. डांगे होते. अर्ज फेटाळला गेला. खरेखोटे न्यायालयाने ठरविले. पण कामगारांची मते एकमेकांना मारण्यात खर्ची पडली, ही खंत मला अजून सोडीत नाही.

आणि आता भंडारा. आपला जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १९५२ साली येथून काँग्रेसचे गोंदियाचे चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले. निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला, आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सबंध निवडणूक रद्द ठरविली. कारणे दोन होती. जसानी ज्या पेढीचे भागीदार होते तिचा केंद्र सरकारशी करार होता; आणि तो कशाचा, तर सैन्याच्या कँटीनांना बिड्या पुरविण्याचा! दुसरे कारण असे की, राखीव जागेसाठी उभे असलेले गंगाराम थवरे यांचा अर्ज ते महानुभाव पंथात गेल्यामुळे महार राहिले नाहीत असे म्हणून नाकारला होता. न्यायालयाने म्हटले की पंथ स्वीकारल्याने त्यांची जात गेली नाही, सबब अर्ज नाकारणे चूक. आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही ओळखी, बिडी आणि जात, एकाच निकालपत्रात एकत्र आल्या.

दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक लागली. राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. पुन्हा तीच मुंबईची जोडी. अशोक मेहता आमच्या चळवळीतले. १९४८ साली हिंद मजदूर सभा निघाली तेव्हा नागपूरचे रुईकर अध्यक्ष आणि मेहता सरचिटणीस होते. जवळच्याच बैतुलला १९५३ साली त्यांनी पक्षापुढे असा विचार मांडला होता की, मागासलेल्या देशात विरोधी पक्षाने सरकारशी सहकार्याची क्षेत्रे शोधावीत. एक जण सहकार्य करून बाहेर पडलेला, दुसरा सहकार्याची वाट शोधणारा, असे दोघे भंडाऱ्याच्या उन्हात मते मागत होते.

निकाल असा लागला: मेहता आले, आंबेडकर पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी विजयी झाले. आता थोडा हिशेब करा. नियम असा की आधी राखीव जागेचा निकाल लावायचा; मग उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याला अधिक मते, तो दुसऱ्या जागेवर निवडून यायचा. म्हणजे आंबेडकरांना मेहतांपेक्षा अधिक मते असती, तर राखीव जागा हुकूनही ते दुसऱ्या जागेवर निवडून आले असते. अर्थात मेहतांची मते अधिक होती. तात्पर्य, मेहतांना एक मत देणाऱ्या काही लोकांनी दुसरे मत त्यांच्या जोडीदाराला दिले नाही. युती व्यासपीठावर झाली. मतपेटीपर्यंत ती पुरती पोचली नाही. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, किमान वेतनाचे विधेयक मांडणारा मजूरमंत्री, बिडी कामगारांच्या जिल्ह्यात पराभूत झाला, हे आपण विसरता कामा नये. मी ते कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आपल्या वाडवडिलांच्या हातून राहिलेले ते दुसरे मत आहे.

याची चव मी स्वतः घेतली आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या भागात तीन संघटनांची संयुक्त कृती समिती झाली. मागणी एकच: हजारी दर वाढवा व छाट बंद करा. बारा दिवस काम बंद राहिले. मग पत्रकावर पहिले नाव कोणाचे यावरून कुरबूर सुरू झाली. मोठ्या संघटनेने वाटाघाटींना आम्हांला नेले, पण बोलू दिले नाही. आम्ही चिडून बाहेर पडलो. त्यांनी एकट्यांनी करार केला. दर थोडा वाढला, छाट तशीच राहिली. चूक त्यांची होती तशी माझीही होती. मी राजीनामा दिला तेव्हा मला मोठा स्वाभिमान वाटला, पण त्या आठवड्यात एका म्हातारीने विचारले, "तू उठून आलास ते बरं केलंस, पण आमच्या छाटीचं तिथं कोण बोललं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर देशाने बरीच संयुक्त सरकारे पाहिली. १९७७ चे सरकार सव्वादोन वर्षांत मोडले. त्यातही जगजीवनराम होते. १९८९ चे वर्षभरही टिकले नाही. १९९६ नंतर दोन वर्षांत दोन पंतप्रधान झाले. एप्रिल १९९९ मध्ये एका मताने सरकार पडले. येथे उलटी स्थिती होती: सोबत्याच्या हाती सरकार पाडण्याची शक्ती होती, आणि ती त्याने वापरली. २००४ साली समान किमान कार्यक्रम कागदावर उतरवून सरकार बनले, डाव्यांनी बाहेरून पाठिंबा दिला. त्या काळात २००५ चा रोजगार हमी कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा झाला. २००८ मध्ये डावे निघून गेले, पण वनहक्काचा कागद राहिला. तेंदूपान हे वनातल्या माणसाचे गौण वनोपज आहे, हे त्यावर लिहिलेले आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतरही कोणा एका पक्षाला बहुमत मिळाले नाही, आणि पुन्हा संयुक्त सरकार आले.

म्हणून संयुक्त सरकार किती दिवस टिकले, कोण रुसले, कोण परतले, एवढ्यावरच आपण त्याची किंमत करू नये. एकत्र बसले होते तोवर त्यांनी काय लिहून ठेवले, ते पाहावे. आणि जो त्या मेजाशी बसलेला नव्हता, त्याच्या पदरात काय पडले, ते पाहावे. पहिल्या राष्ट्रीय मंत्रिमंडळाने सोबत्यांना नीट वागविले नाही. पण बिडी वळणाऱ्या बाईचे नाव कायद्यात लिहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आज १९४८ चा तो कायदा स्वतंत्र उरलेला नाही. २०१९ च्या वेतन संहितेत तो विलीन झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू करण्यात आल्या. त्यांतले चांगले-वाईट हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. मी एवढेच विचारतो: सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसण्याची जी परिषद १९४२ पासून चालत आली, तिची ४६ वी बैठक जुलै २०१५ मध्ये झाली, आणि पुढची दहा वर्षे ती भरलीच नाही. कायदा बदलावा, अवश्य बदलावा. पण ज्याच्यासाठी तो आहे त्याला बसायला जागा आणि बोलायला वाटा दोन्ही द्यावीत.

उद्या पुडके मोजताना मोजणाराशी वाद झाला, तर एकेकटे भांडू नका. आणि एकत्र गेलात, तर ज्याचा पुडका सर्वांत लहान असेल त्याला आधी बोलू द्या. दिल्लीच्या मेजापासून मी जे शिकलो ते इतकेच आहे.